खिशांतला वाटाड्या

सल्ला देण्यास त्या विषयाचें ज्ञान असावें लागतें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांना मामा या संस्थेचा अनुभव नसावा. आमच्या मराठवाड्यांत मुलीचें स्थळ असो, विहिरीवरचा पंप असो कीं शेताच्या बांधाचा तंटा असो, मामाचें मत घेतल्यावांचून प्रकरण पुढें सरकत नाहीं. आणि मत घेतल्यावर त्याप्रमाणें वागलेंच पाहिजे असा कोणाचा आग्रहही नसतो. मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयांत गेलीं सत्तावीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवितों. विमान चालविणें दूरच राहिलें, विमानांत खिडकीजवळची जागा मिळाली तरी मी बहुतेक वेळ डोळे मिटून बसतों. तरीही गेल्या दिवाळींत माझा भाचा ह्यूस्टनहून आला, आणि फराळाचें ताट बाजूस सारून, "मामा, लहान विमानांत न्यायला जीपीएसचें एक सुटें यंत्र घ्यायचें आहे, तुम्ही सांगाल तें घेतों," असें म्हणाला, तेव्हां मला मुळींच नवल वाटलें नाहीं.

भाचा पेशानें इंजिनियर. अमेरिकेंत सामान्य माणूसही, ज्या सहजतेनें आपल्याकडे एखादा जुनी मोटर बाळगतो त्या सहजतेनें, विमानाचा नाद बाळगूं शकतो. चार आसनांचें, एका इंजिनाचें विमान एखाद्या मंडळाच्या मालकीचें असतें. सभासदानें तासाच्या हिशेबानें पैसे भरावे आणि सुटीच्या दिवशीं उडावें. याच्याजवळ परवाना आहे तो डोळ्यांनीं जमीन पाहत उडण्याचा. ढगांत शिरण्याचा नाहीं. पण त्यानें मला जें पुढें सांगितलें तें आईला सांगितलें नव्हतें. ऑगस्टच्या एका दुपारीं, एकटाच असतांना, हवा धुरकट झाली आणि खालच्या खुणा दिसेनाशा झाल्या. वाट दाखविण्यासाठीं मांडीवर बांधलेला टॅब्लेट काचेंतून येणाऱ्या उन्हानें इतका तापला कीं 'थंड होऊं द्या' अशी सूचना दाखवून त्यानें डोळे मिटले. सुमारें वीस मिनिटें भाच्याजवळ होकायंत्र, मनगटावरचें घड्याळ आणि घडी घातलेला नकाशा एवढेंच होतें. शेवटीं एक लोहमार्ग सांपडला, त्याच्या कडेनें एक गांव आलें, आणि गांवाच्या पाण्याच्या टाकीवर तिकडच्या रिवाजाप्रमाणें मोठ्या अक्षरांत गांवाचें नांव रंगविलेलें होतें. तें वाचून तो घरीं परतला.

इकडे माझ्या बहिणीनें, अक्कानें, मला स्वयंपाकघरांत गांठून निराळेंच काम सांगितलें होतें. "तो तुझें ऐकतो. हा नाद सोड म्हणावें." म्हणजे एकाच दिवाळींत दोन आज्ञा माझ्याकडे आल्या: मुलाला वाट दाखविणारें यंत्र निवडून द्यावयाचें, आणि त्याला त्या वाटेला जाऊं द्यावयाचें नाहीं.

आकाशांतली वाट चुकणें हा प्रकार मुळीं नवा नाहीं. आगाखानांनीं इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास विमानानें एकट्यानें, महिन्याच्या आंत करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास पांचशें पौंडांचें बक्षीस लावलें, तेव्हां तीन तरुण पुढें आले. त्यांपैकीं मनमोहनसिंग यांच्या विमानाचें नांव 'मिस इंडिया' होतें. ते वाट चुकून मागें फिरले, तेव्हां एका इंग्रज संपादकानें त्या नांवावर कोटी केली. 'मिस' या शब्दाचा दुसरा अर्थ हुकणें असा आहे, हें वाचकांस सांगावयास नको. दुसरे दोघे अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. टाटा. एक लंडनहून निघालेला, दुसरा कराचीहून. ईजिप्तमधल्या अबूकीर येथें दोघांची गांठ पडली, आणि अस्पींना स्पार्क प्लग हवा होता तो टाटांनीं आपल्याजवळचा दिला. बक्षीस अस्पींना मिळालें. पुढें ते भारतीय विमानदलाचे प्रमुख झाले. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं 'पस मॉथ' जातीच्या विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूला टपाल आणलें, तेव्हां त्यांच्याजवळ रेडिओदेखील नव्हता. समुद्रकिनारा, नद्या, लोहमार्ग हींच त्यांचीं यंत्रें. पन्नास वर्षांनंतर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं तोच प्रवास पुन्हां करून दाखविला. हें सारें भाच्याला सांगतांना, जुन्या लोकांचें चालत होतें मग तुझें कां चालूं नये, असा उपदेश करण्याचा मोह झाला होता. पण जे पोंचले त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत येतात, हें ध्यानांत येऊन मीं जीभ आवरली.

जीपीएस म्हणजे काय हें मीं एका भौतिकशास्त्राच्या मित्राकडून समजावून घेतलें. मला वाटत होतें कीं वरचा उपग्रह आपल्याला पाहतो. तो बिचारा कोणालाच पाहत नाहीं. सुमारें वीस हजार दोनशें किलोमीटर उंचीवरून तो फक्त दवंडी पिटीत असतो, 'मी अमुक ठिकाणीं आहें, आणि माझ्या घड्याळांत आतां अमुक वाजले आहेत.' दवंडी ऐकूं येण्यास किती वेळ लागला यावरून खालचें यंत्र त्याचें अंतर काढतें. तीन उपग्रहांचीं अंतरें कळलीं कीं आपली जागा ठरते. चौथा लागतो तो आपल्या यंत्रांतलें स्वस्त घड्याळ किती चुकतें आहे हें काढण्यासाठीं. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरांत तीनशें मीटरांचा फरक पडतो. त्यांतही मौज अशी कीं वरच्या घड्याळांवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळें तीं जलद चालतात आणि वेगामुळें थोडीं मंद चालतात. वजाबाकी करून दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद तीं पुढें जातात. आइन्स्टाईनच्या गणिताप्रमाणें ही दुरुस्ती केली नसती, तर एका दिवसांत दहा किलोमीटरांच्या वर घोटाळा झाला असता. ज्या सिद्धांताला आपण व्यवहारांत निरुपयोगी समजत होतों, तो रिक्षावाल्याच्या फोनमध्यें येऊन बसला आहे!

ही सोय अमेरिकेच्या लष्करानें लष्करासाठीं केली. १ सप्टेंबर १९८३ रोजीं वाट चुकून सोव्हिएत हद्दींत शिरलेलें दक्षिण कोरियाचें प्रवासी विमान पाडण्यांत आलें आणि त्यांतलीं सर्व २६९ माणसें मेलीं. त्यानंतर ती नागरिकांनाही खुली करण्याचें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीर केलें. पण पुष्कळ वर्षें लोकांना मिळे तो मुद्दाम बिघडविलेला संदेश; शंभर मीटरांपर्यंतची चूक त्यांत हेतुपुरस्सर मिसळलेली असे. ती भेसळ बंद करण्याची घोषणा झाली १ मे २००० रोजीं. आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो त्याच्या बरोबर एक वर्ष आधीं, १ मे १९९९ रोजीं. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं. परंतु स्वतःचा ठावठिकाणा नीट कळण्याच्या बाबतींत आम्ही जगाच्या एक वर्ष पुढें होतों, असें म्हणण्याची संधि मी सोडीत नाहीं.

आणि संबंध नाहीं तरी कसा म्हणावें? औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा होणार आहे. तिच्या २६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मान्यता दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनांत उभ्या राहतील. अशा दोन वेधशाळा अमेरिकेंत आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम सांपडली, ती एकीकडे दुसरीपेक्षां सुमारें सात सहस्रांश सेकंद आधीं पोंचली होती. या फरकावरूनच ती आकाशाच्या कोणत्या बाजूनें आली हें शोधावयाचें. आणि दोनच ठिकाणें असल्यामुळें दिशा मोघमच कळली. म्हणून दूर तिसरें, चौथें ठिकाण हवें; म्हणून औंढा. माझ्या मित्राच्या म्हणण्याप्रमाणें हा भाच्याच्या खेळण्याचाच उलटा प्रकार. तेथें बोलणारे अनेक आणि ऐकणारा एक. येथें बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक. शिवाय दूरदूरच्या या वेधशाळांचीं घड्याळें जुळविण्यासाठीं जीपीएसचाच उपयोग करतात. ही गोष्ट ऐकल्यावर अक्काच्या मनांतून त्या यंत्राविषयींची परकेपणाची भावना थोडी गेली. औंढ्याला चालतें तें अगदींच वाईट नसावें, असा तिचा हिशेब.

आतां निवडीकडे वळतों. भाच्यानें चार पर्याय कागदावर मांडून आणले होते: आणखी एक मोठा टॅब्लेट, विमानासाठींच बनविलेलें सात इंची पडद्याचें यंत्र, तसेंच पांच इंची, आणि जुन्या पद्धतीचें, बटनांचें, कोणी तरी वापरलेलें यंत्र. टॅब्लेट स्वस्त, त्याच्यावर नकाशे सुरेख, आणि मित्रमंडळींत सर्वांजवळ तोच. विमानासाठीं मुद्दाम केलेल्या यंत्राची किंमत ऐकून अक्कानें कपाळाला हात लावला. त्यांत दोन बरे टॅब्लेट यावेत. भाच्याचा कल सात इंचांकडे होता. हे आंकडे, हे रंग, हे डोंगर, हीं पावसाचीं चित्रें, असें तो दाखवीत होता, आणि मला राहून राहून परीक्षेचा पेपर आठवत होता. पेपर कोरा असतांना विद्यार्थ्याला काय काय येतें हा प्रश्न नसतो. शेवटचीं पांच मिनिटें उरलीं असतां काय आठवतें हा असतो.

म्हणून मीं त्याला ऑगस्टच्या दुपारीं परत नेऊन बसविलें. तेव्हां तुला नेमकें काय हवें होतें? तो म्हणाला, "दोनच गोष्टी. मी कुठें आहें, आणि सर्वांत जवळचें विमानतळ कोणत्या बाजूला." मग त्या दोन गोष्टी किती वेळा बोट लावल्यावर दिसतात, तें मोज. विमान सुपांतल्या दाण्यांप्रमाणें उसळत असतांना बोट नेमक्या चौकोनावर पडेल का? भर उन्हांत काळा चष्मा घातलेल्या डोळ्यांना पडदा दिसतो का? विमानाची वीज गेली तर स्वतःच्या विजेवर तें किती तास चालेल? ठेवणार कुठें? सुकाणूवर बसवलेलें मोठें यंत्र मागचीं मूळचीं घड्याळें झांकतें, आणि मांडीवर ठेवलें तर मान खालीं घालावी लागते. ज्याला परवाना डोळ्यांनीं पाहून उडण्याचा आहे, त्याची मान वर असावी हें मला, विमानांत डोळे मिटणाऱ्यालाही, कळतें.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: त्याच्या पोटांतला नकाशा किती शिळा? विमानविद्येंतली माहिती अठ्ठावीस दिवसांच्या ठरीव चक्रानें बदलते. नवी रेडिओ-लहर, बंद झालेली धांवपट्टी, नवा मनोरा. त्या माहितीची वर्गणी वेगळी भरावी लागते, आणि यंत्र घेतांना हौसेनें पैसे मोजणारा माणूस दुसऱ्या वर्षीं वर्गणीच्या वेळीं हात आंखडतो. टॅब्लेटचा आणखी एक दगा भाच्यानेंच सांगितला. कांहीं स्वस्त टॅब्लेटांत उपग्रहाचे संदेश ऐकणारा कानच नसतो. घरांत नकाशा सुरेख दिसतो, आणि आकाशांत तें मुकाट बसतें. बटनांचें यंत्र मला मनापासून आवडलें होतें. पण ज्याचें वय आणि मागचा मालक ठाऊक नाहीं, त्याच्यावर भाच्याचा जीव टांगणें मला पटेना. सात इंचांचें त्याच्या विमानांत घड्याळें झांकीत होतें. उरलें पांच इंची. टॅब्लेटही असूं दे, पण तो दुसऱ्या आसनावर, सावलींत.

पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात. असल्या सुट्या यंत्रावर विसंबून ढगांत शिरण्यास तिकडच्या कायद्याचीही परवानगी नाहीं. तें साहाय्यक आहे, सारथी नव्हे. उपग्रहांच्या संदेशांत ढवळाढवळ होऊन विमानांना आपण भलतीकडेच आहों असा भास होऊं लागला आहे. पश्चिम आशियांतले असे प्रकार पाहून आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेंही नोव्हेंबर २०२३ मध्यें परिपत्रक काढलें. आमच्या औंढ्याला देऊळ फिरल्याची कथा आहे. आमच्याच जिल्ह्यांतल्या नरसीचे नामदेव महाराज कीर्तनास उभे राहिले असतां त्यांना देवळामागें जाण्यास सांगण्यांत आलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलें. नामदेवांसाठीं देऊळ फिरलें तर आपण हात जोडावे. यंत्राच्या पडद्यावर फिरलें तर खिडकीबाहेर पाहावें. भाच्याला मीं एवढेंच बजावलें कीं होकायंत्र, घड्याळ आणि कागदी नकाशा यांची सुटका नाहीं. दर पांचव्या उड्डाणांत यंत्र बंद ठेवून घरीं यावयाचें.

दुसरी अट आईला ऑगस्टची हकीकत सांगण्याची. भाऊबीजेच्या दुपारीं त्यानें ती सांगितली. अक्का कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "त्या टाकीवर नांव नसतें तर?" त्यानें नकाशावर बोट ठेवून, तसाच लोहमार्गानें पुढें गेलों असतों, पुढें नदीवरचा पूल होता, तेलाची टांकी तेव्हां अर्ध्याहून अधिक भरलेली होती, असें एकेक करून सांगितलें. तिनें तें सर्व शाळेंतल्या मुलीप्रमाणें ऐकून घेतलें. नाद सोड हें ती त्या दिवशीं म्हणाली नाहीं, मीही म्हणालों नाहीं. निघतांना मात्र तिनें त्याच्याकडून दोन वचनें घेतलीं: उडण्यापूर्वीं कोठें निघालों तें कोणाला तरी कळविणें, आणि उतरल्यावर तिला कळविणें, मग इकडे मध्यरात्र असली तरी.

यंत्र डिसेंबरांत त्याच्या हातीं आलें. पहिल्या दिवशीं ह्यूस्टनच्या घराच्या अंगणांत उभा राहून त्यानें हिंगोलीचे अक्षांश-रेखांश त्यांत भरले, थेट तिकडे नेणारें बटन दाबलें, आणि पडद्याचा फोटो अक्काला पाठविला. अंतर सुमारें साडेचौदा हजार किलोमीटर; बाण जवळजवळ सरळ उत्तरेकडे. अक्का फोन घेऊन माझ्याकडे आली. अमेरिका पश्चिमेला, आपण पूर्वेला; मग पोराचें घर उत्तरेला कसें? मीं मुलांच्या खोलींतला पृथ्वीचा गोल आणून त्यावर दोरा ताणून दाखविला. दोरा ध्रुवाच्या अगदीं जवळून, बर्फावरून, रशियावरून हिंगोलीला उतरला. तिनें तो दोरा स्वतः दोनदां ताणून पाहिला, आणि म्हणाली, "एवढी थंडी लागते का वाटेंत? मग त्याला स्वेटर पाठवायला हवा."