‘चंद्रकांता’चं पहिलं वर्ष

दसऱ्याच्या सुट्टीत लेक हिनकलला आली होती. म्हैसूरचा दसरा बघायचा होता, पण दोन दिवस पाऊस हटेना. मग घरातच यूट्यूबवर ‘चंद्रकांता’ लावली.

“बाबा, यातला कुठला सीझन बेस्ट?”

१९९४ साली दूरदर्शनवर सीझन नव्हते, फक्त रविवारची सकाळ होती. तरी मी लगेच म्हणालो, “पहिलं वर्ष.”

कारण सांगायला सोपं आहे. सुरुवातीला गोष्ट सरळ होती. नौगढचा वीरेंद्र, विजयगढची चंद्रकांता, आणि मध्ये अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह. प्रत्येक बाजूला वेश बदलणारे ऐयार. पुढे पात्रं वाढत गेली आणि देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी मागे पडली.

खरं कारण वेगळं. त्या वर्षी आण्णा फील्डवर होते. पत्ता फक्त ‘५६ एपीओ’. तिथे टीव्ही नव्हता. आई म्हणाली, दर रविवारी बघ आणि त्यांना लिहून कळव. मी आंतरदेशीय पत्रावर बारीक अक्षरात लिहायचो: ‘ती. आण्णांस शि. सा. न.’ आणि खाली थेट क्रूरसिंह.

आण्णांची उत्तरं दोन ओळींची असत. एकदा मात्र त्यांनी विचारलं, ‘पकडलेल्या ऐयाराचं काय केलं ते लिहिलं नाहीस.’

मी कळवलं, ‘कैदेत टाकला. मारला नाही.’

त्यांचं उत्तर आलं, ‘बरं केलं.’

पुढे कादंबरी वाचली. ऐयारांचा तो कायदाच आहे: शत्रूचा ऐयार सापडला तर कैद करायचा, मारायचा नाही. अकादमीत १९४९ चा युद्धकैद्यांविषयीचा जिनिव्हा करार शिकवला, तेव्हा वर्गात मला आण्णांचं पत्र आठवलं. ते त्यांनी का विचारलं, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. नंतर एका पोस्टिंगवर, मध्यरात्री, हात बांधलेला एक माणूस माझ्यासमोर बसवला होता. माझी पोरं संतापलेली होती, त्यांचा एक साथीदार संध्याकाळी गेला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्याला पाणी द्यायला सांगितलं आणि सकाळी रीतसर पुढे पाठवला.

आण्णांना तेव्हा फोनवर एवढंच म्हणालो, “कैदेत टाकला.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं केलंस.”

आता आण्णा नाहीत. पत्रं त्यांच्या काळ्या ट्रंकेत आहेत, तारखेप्रमाणे लावलेली. लेकीला म्हटलं, दिवाळीला गावी गेलो की तुला पहिला सीझन वाचायला देतो.