आकाशाची अमानत

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी-मोरगावच्या मुलखात, कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या खपून बांधलेल्या तलावांच्या आणि त्या तलावांवर पोसलेल्या धानाच्या बांध्यांच्या सपाटीतून एक डोंगर मस्तक उंचावून उभा आहे. त्याचे नाव प्रतापगड. जावळीच्या खोऱ्यातील त्याच्या नामबंधूला इतिहासाने जी कीर्ती बहाल केली, ती या गडाच्या वाट्यास आली नाही. परंतु महाशिवरात्रीच्या यात्रेत महादेवाच्या दर्शनाला निघालेली आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावर मस्तक टेकणारी माणसे ज्या एकाच डोंगराच्या आश्रयाला येतात, त्या डोंगराला निराळ्या कीर्तीची गरजही नसावी. गडाच्याच परिसरात, गोठणगावच्या बाजूस, मायभूमीस मुकलेल्या तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. दूरवरून आलेल्याला ठाव देण्याची या भूमीची वृत्ती अशी सर्वतोमुखी आहे. आणि म्हणूनच की काय, सर्वांत दूरवरून येणाऱ्या अतिथीचा, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या पाषाणाचा विचार माझ्या मनात येतो तो नेहमी या गडाच्या सान्निध्यात.

शहरी दिव्यांचा उपद्रव नसलेल्या या झाडीत अमावास्येच्या आसपास आकाश पाहावे, म्हणजे घटका-दोन घटकांत एखादी तरी उल्का तेजाची रेघ ओढून विझून जाते. तिच्या पायी मातीचा एक कणही विचलित होत नाही. परंतु क्वचित अशी वेळ येते की तेजाबरोबर गर्जनाही होते आणि जे जळून गेले असे वाटावे, त्यातील काही अंश पाषाणरूपाने भूमीवर उतरतो. आपल्या पूर्वजांना हा भेद अज्ञात नव्हता. वराहमिहिराने बृहत्संहितेत आकाशातून पडणाऱ्या तेजांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आणि मोठ्या नादासह भूमी विदारणारा तो अशनी, असे त्याचे लक्षण नोंदविले. याउलट युरोपातील पंडितांना आकाशातून दगड पडतात ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रामीण भाबडेपणाची वाटे. १७९४ साली शास्त्रज्ञ क्लाड्नीने तिचा कैवार घेतला. १७९८ च्या डिसेंबरात आपल्या काशीजवळ पडलेल्या दगडांचे रसायनज्ञ हॉवर्डने लंडनमध्ये रासायनिक पृथक्करण केले. आणि १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल या गावी झालेल्या पाषाणवृष्टीची शास्त्रज्ञ बिओने घरोघर फिरून चौकशी केली, तेव्हा कुठे शास्त्राच्या दरबारात शेतकऱ्याची साक्ष ग्राह्य धरली गेली.

ती साक्ष किती मोलाची होती, हे त्या पाषाणांचे वय ध्यानी घेतले म्हणजे कळते. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. याच जिल्ह्यातील आमगावच्या बाजूचे नाइस खडक दोनशे कोटी वर्षांहूनही प्राचीन. पण बहुतेक अशनींचे, म्हणजे या आकाशपाषाणांचे, वय ४५६ कोटी वर्षांच्या घरात जाते. पृथ्वीने आपले बालपणीचे खडक वितळवून, मोडून, पुन्हा घडवून आपल्या जन्माचा पुरावा स्वतःच नष्ट केला आहे, आणि तो शाबूत राहिला आहे तो या भटक्या पाषाणांच्या पोटात.

अशा पाषाणाच्या पोटात काय दडलेले असू शकते, याचे आपल्या विदर्भातील उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २२ मे २०१२ रोजी, भर दुपारी दोनच्या सुमारास, नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे, संत्र्याच्या बागांसाठी विख्यात असलेल्या त्या गावात, आकाश गडगडले आणि दगड पडले. लोकांनी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी तिसांच्या आसपास तुकडे गोळा केले. त्यांचे एकूण वजन सुमारे तेरा किलो भरले. पुढे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी त्यातील एका तुकड्याच्या शिरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि त्यांत ब्रिजमनाइट नावाचे खनिज असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध केले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरांच्या खाली विपुल आहे, परंतु तेथून ते वर आणण्याची शक्ती मानवाजवळ नाही. जे पाताळातून मिळणे अशक्य, ते अंतराळात दोन खगोलीय पिंडांच्या टकरीत क्षणार्धात घडले आणि काटोलच्या शिवारात येऊन पडले. त्या दुपारी कोणी तो तुकडा निरुपयोगी म्हणून बांधावरून भिरकावून दिला असता, तर हे ज्ञान आपल्या हाती लागले नसते.

असे भिरकावलेले, फोडून वाटून घेतलेले आणि घराघरांत विरून गेलेले पाषाण किती असतील! २९ जून १८४३ रोजी खानदेशात एदलाबादेजवळच्या मानेगाव येथे एक अशनी पडला. त्याची जात इतकी दुर्मिळ की जगभरचे अभ्यासक आजही त्याचे नाव घेतात. पण त्याचा जो अंश जतन झाला, तो फार थोडा. १८६६ साली जामखेडास पडलेल्या अशनीचीही तीच कथा. ही गावे मात्र जगाच्या अशनीसूचीत कायमची नमूद झाली आहेत, कारण अशनीला नाव द्यायचे ते तो सापडला त्या स्थळाचे, असा शास्त्राचा दंडक आहे. तेथे शोधणाऱ्याचे नाव चालत नाही, विकत घेणाऱ्याचे नाही, राजाचेही नाही. मौज्याचे नाव चालते. ज्या पाषाणाचा कोट्यवधी कोसांचा प्रवास कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही, त्याच्या शेवटच्या मुक्कामाची तरी पक्की नोंद व्हावी, यात मला मोठे औचित्य वाटते.

अशा नोंदीचा एक नमुना आपल्या देशात चारशे वर्षांपूर्वीच घालून दिला गेला आहे. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधर परगण्यातील एका गावी प्रचंड आवाजासह तेज उतरले. परगण्याचा आमील मुहंमद सईद स्वतः जागेवर गेला, जळालेली जमीन त्याने खणविली, खालून निघालेला तप्त लोहखंड मोहोरबंद करून बादशहाकडे रवाना केला. जहांगिराने त्याचे वजन करविले, ते १६० तोळे भरले. उस्ताद दाऊदने त्यात साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडविली. आणि हा सर्व वृत्तांत बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नमूद केला. त्यातली ती सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. शस्त्रे घडविण्याच्या हौसेने मूळ लोहखंड नाहीसा झाला याची हळहळ वाटते. परंतु दिवस, स्थळ, वजन आणि साक्षीदार यांची नोंद राहिली, म्हणून आजचा अभ्यासक त्या सुरीकडे पाहून निःशंकपणे बोलू शकतो. आमिलाने केलेला तो पंचनामा तलवारीहून टिकाऊ ठरला.

अशनी जमविण्याचा छंद लागलेल्या माणसांविषयी मला आदर आहे. मँचेस्टरच्या ग्रेग या गृहस्थाने हौसेने जमविलेला संग्रह एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खरेदी केला, आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय संग्रहाला त्याने भरभक्कम आधार दिला. अमेरिकेतील कॅन्सस प्रांताच्या हार्वे निनिंजरने, १९२३ साली एक अग्निगोल पाहून या छंदाला लागल्यावर, पुढे आपली अध्यापनाची नोकरी सोडली आणि गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना सांगितले की नांगराला जड, काळा, अनोळखी दगड लागला तर मला दाखवा, मी त्याचे पैसे देईन. त्याच्या खटपटीने शेकडो पाषाण मातीतून वर आले आणि अखेर मोठ्या संग्रहालयांत सुखरूप पोचले. छंदिष्टाची नजर आणि शेतकऱ्याचा नांगर यांच्यावाचून या शास्त्राचे भांडार निम्मेही भरले नसते.

ही नजर कमवावी लागते. आपल्या झाडीत जड आणि काळे दगड थोडे नाहीत: जांभ्याचे लोहमय गोटे आहेत, आणि चांद्याच्या बाजूला जुन्या काळी कोळशाच्या भट्ट्यांतून लोखंड गाळीत, त्या भट्ट्यांचे मंडूरही जागोजाग पडलेले असते. मंडुराला बुडबुड्यांची भोके असतात. अशनीला ती सहसा नसतात. अशनीवर वातावरणातून येताना तापून वितळल्याने आलेली पातळ काळी साल असते, आणि ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे अनेकदा उमटलेले असतात; कडेला साल उडाली असेल तर आतून राखी रंग आणि धातूचे चमकते कण दिसतात. पण पुष्कळ हौशी लोक परीक्षेसाठी त्याच्यावर जबर लोहचुंबक फिरवितात, हे मात्र टाळावे. कारण त्या एका स्पर्शाने पाषाणात अब्जावधी वर्षे जपली गेलेली आदिम चुंबकत्वाची खूण पुसली जाते. दोऱ्याला टांगलेली होकायंत्राची सुई जवळ धरली तरी काम भागते. पाण्याने धुऊ नये, देवघरात ठेवून शेंदूर-तेल लावू नये; कारण ओलाव्याने त्यातील लोह-निकेल गंजते आणि जे अंतराळात टिकले ते आपल्या चार पावसाळ्यांत भुगा होऊन जाते.

छंदाच्या मागोमाग बाजार येतोच. सहारा वाळवंटातील भटक्या जमातींनी आपल्या अचूक नजरेने हजारो अशनी वेचून विकले. तो व्यापार नसता, तर चंद्र आणि मंगळ यांच्यावरून आलेले कितीतरी पाषाण वाळूतच राहिले असते. ज्या पाषाणाला शास्त्रीय नाव हवे, त्याचा वीस ग्रॅम अथवा एक पंचमांश, यांपैकी जो कमी तो अंश अभ्याससंस्थेत जमा करावा, हा नियम प्रामाणिक व्यापारी पाळतात. परंतु नायजर देशात सापडलेला साडेचोवीस किलोंहून जड असा मंगळाचा पाषाण जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्रेपन्न लाख डॉलरला विकला गेला, आणि आपल्या भूमीतून तो कसा बाहेर गेला याची चौकशी त्या गरीब देशाला नंतर सुरू करावी लागली, तेव्हा बाजाराची दुसरी बाजूही उघडी पडली. दगडाबरोबर रकमेची पावती असली आणि शिवाराची साक्ष नसली, तर ज्ञानाच्या दृष्टीने तो दगड निराधार होतो. तो कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने पडला, हे कळल्याशिवाय त्याची अंतराळातील कक्षा मांडता येत नाही. आणि एकदा गमावलेला हा ठावठिकाणा कोणत्याही किमतीला पुन्हा विकत मिळत नाही.

गडाच्या परिसरात राहणाऱ्या तिबेटी बांधवांच्या परंपरेत, आकाशातून आलेला ऐवज जपण्याच्या या विचाराला एक सुंदर जोड आहे. कुरणात अथवा नांगरलेल्या शेतात सापडणाऱ्या प्राचीन धातूच्या लहान वस्तूंना ते ‘थोकचा’ म्हणतात. त्या वज्राबरोबर आकाशातून उतरल्या अशी त्यांची श्रद्धा, आणि रक्षा म्हणून त्या पिढ्यानपिढ्या गळ्यात धारण केल्या जातात. त्यांतील बहुतेक वस्तू मानवी हातांनी घडविलेल्या तांब्या-काशाच्या आहेत, असे परीक्षणांती दिसून आले आहे. पण सापडलेली वस्तू आपण कमाविलेली नसून आपल्याकडे सोपविलेली आहे, ही त्या आचारामागची भावना कोणत्याही परीक्षणात खोटी ठरणारी नाही.

याच झाडीपट्टीत, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे, २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री आकाशातून धातूचे एक प्रचंड कडे पडले. तो अशनी नव्हता, कोणा देशाच्या अग्निबाणाचा अवशेष होता. तरी गावकऱ्यांनी खबर दिली, पोलिसांनी पंचनामा केला, वस्तू ताब्यात ठेवली, शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. माणसाने फेकलेल्या धातूसाठी जी दक्षता आपले एक खेडे दाखवू शकले, तीच सृष्टीने धाडलेल्या पाषाणासाठी दाखविणे आपल्याला मुळीच कठीण नाही. धानाच्या बांधीतील चिकणमातीत दगड मुळात विरळा. तेथे एका रात्रीत उगवलेला काळा गोटा ओळखायला धानकऱ्याइतका जाणता दुसरा कोणी नाही. त्याने तो जागेवर असतानाच त्याचे छायाचित्र घ्यावे, वेळ आणि गट क्रमांक लिहून ठेवावा, उघड्या हाताने फार न हाताळता कोरड्या स्वच्छ वेष्टनात तो ठेवावा, आणि पोलीस पाटील व तलाठी यांच्यामार्फत नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास वर्दी द्यावी. आणि ज्यांना आमच्यासारखा या पाषाणांचा छंद आहे, त्यांनी आपल्या संग्रहातील प्रत्येक नगाशेजारी त्याच्या गावाचे नाव, दिवस आणि तो कोणाकडून आला हे लिहून ठेवावे, आपल्यामागे तो कोठे जावा हेही लिहून ठेवावे. मालकी ही एका आयुष्याची गोष्ट आहे; साडेचारशे कोटी वर्षांच्या वस्तूपुढे आपण फार तर तिचे काही काळाचे दप्तरदार ठरतो, आणि दप्तरदाराची थोरवी त्याच्या ताब्यात किती ऐवज होता यावर नसून त्याने तो कसा हवाली केला यावर ठरते.