नरसीची लेक हर्णैच्या समुद्रावर

मैत्रिणींनो, आमच्या नरसीला समुद्र नाही. आहे ती कयाधू नदी. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहते, उन्हाळ्यात वाळू उघडी पडते. हिंगोली जिल्ह्यातलं हे नरसी नामदेव माझं माहेर. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेलच. परंपरेनं त्यांचा जन्म इ.स. १२७० चा मानतात. पंजाबात घुमानपर्यंत गेलेल्या नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यामुळे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेले शीख यात्रेकरू आमच्या गावालाही येऊन जातात. अशा गावच्या माळकरी घरात मी वाढले. घरात एकादशी कधी चुकली नाही आणि मासळी कधी आली नाही. आता तुम्हीच सांगा, अशा बाईनं ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मासे पकडायच्या सहलीला जावं का?

मी गेले. कशी गेले आणि काय पाहिलं तेच आज सांगते.

लग्नानंतर मी पुण्यात आले आणि एका बँकेत लागले. आमच्या शाखेत आम्ही सहा जणी. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे, भाज्यांची देवाणघेवाण व्हायची. पण ज्या दोघींच्या डब्यात सुरमई नाहीतर सुकट असे, त्या मुकाट्यानं खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसत. मी कधी तसं सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. माझं माहेर माळकरी, एवढं ठाऊक असणं पुरेसं झालं होतं. तुमच्या ऑफिसात, भिशीत, अगदी नात्यातसुद्धा अशी न बोलता झालेली दोन टेबलं असतील, हो ना?

अशात २०२५ च्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार जवळ आला. म्हणजे बँकेला दोन दिवस सुट्टी. खिडकीजवळच्या दोघींपैकी एकीनं बेत काढला, "दापोलीजवळ हर्णैला जाऊ. होडीतून गळ टाकायचा, संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायचा." मग माझ्याकडे बघून जरा अडखळत म्हणाली, "तुला चालेल ना गं?"

घरी विचारलं. हे म्हणाले, "तू आणि मासे?" आणि पेपरात तोंड घालून हसत बसले. सासूबाईंनी कालनिर्णय उघडलं, "अगं, शनिवारी एकादशी आहे, माघातली!" मग आईला नरसीला फोन लावला. ती काय म्हणाली असेल? "जा की बाई. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले. तुला मैत्रिणींमागं जायला काय झालं? एकादशी तेवढी मोडू नको." नामदेवांची ती गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. आईनं ती नेमकी जागेवर वापरली.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर छोटी बस करून आम्ही सहा जणी निघालो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग मंडणगडवरून दापोली. हर्णैला पोहोचेपर्यंत मध्यरात्र झाली. माझ्या पिशवीत साबुदाणा, शेंगदाणे आणि माहेरची हळद होती. हिंगोलीकडे हळद चांगली होते, तेव्हा कुणाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, किलोभर हळद न्यायची, ही आमच्याकडची रीत.

आता एक गंमतीचं गणित सांगते. ते मला होडीवाल्या दादांनी शिकवलं. दिवसातून दोनदा भरती येते नि दोनदा ओहोटी. आजच्या भरतीपेक्षा उद्याची साधारण पाऊण तास उशिरा. मग कोकणातली माणसं काय करतात? तिथीची पाऊणपट काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमाराला, आणि तेव्हा पाणीही सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. वद्य पक्षातही तिथी पुन्हा एकपासूनच मोजायची. दादांनी विचारलं, "आज तिथी कुठली?" बाकीच्या पाचजणी मोबाईल शोधू लागल्या. मी म्हटलं, "एकादशी!" अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वादोनला ओहोटी. "ताई, तुम्ही देशावरच्या ना? मग हे बरं येतं!" दादा म्हणाले. जन्मभर उपवासासाठी तिथी मोजली, तिचा समुद्रावर उपयोग होईल असं कधी वाटलं होतं? घड्याळाच्या काट्यावर तंतोतंत नाही, पण अंदाजाला हे गणित पक्कं. तुम्ही समुद्रावर जाल तेव्हा जरूर करून बघा.

सकाळी भरतीचं पाणी चढत असतानाच होडी निघाली. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मराठ्यांच्या आरमाराचा किल्ला. किनाऱ्याच्या बाजूला कनकदुर्ग आणि फत्तेगड. किल्ल्याच्या आडोशाला होडी थांबवून दादांनी गळ वाटले. बांबूची काठी वगैरे काही नाही. नायलॉनचा दोरा, टोकाला गळ, जवळ शिशाचं वजन आणि आमिष म्हणून कोलंबीचा तुकडा. वजन तळाला टेकलं की दोरा हातभर वर ओढायचा आणि बोटावर धरून गप्प बसायचं. मासा लागला की बोटाला कळतं.

मी दोरा घेतला नाही. मी सुंठीची डबी घेऊन बसले. पण बेत काढणारीच थोड्या वेळात मळमळून पांढरीफटक पडली. तिनं आपला दोरा माझ्या हातात कोंबला आणि डोकं माझ्या मांडीवर टेकलं. आणि नेमकी तेव्हाच ओढ लागली! सांगते तुम्हाला, अंगावर काटा आला. पलीकडे एक जीव आहे हे बोटाला समजतं. मी दोरा तसाच दादांच्या हाती दिला. कुणी हसलं नाही. दादांनी ढोमा वर काढला आणि नुसतं म्हणाले, "सगळ्यांना जमतं असं नाही." दहाच्या आत परतलो तेव्हा टोपलीत सात ढोमे आणि एक शिंगाळा होता. शिंगाळ्याला हात लावू नका बरं! त्याचे काटे भलते टोचतात आणि ठणका लागतो.

जेवण दादांच्या घरी होतं. वहिनींना मी हळद दिली. त्यांनी तीच हळद, मीठ आणि आगळ लावून ढोमे तळायला घेतले. पानं वाढताना आमच्या दोघी सवयीनं उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ लागल्या. वहिनी म्हणाल्या, "कुठं चाललात? बसा एका पंगतीला. माझीपण एकादशी हाय. मी तळलं म्हणून उपास मोडला काय?" आणि स्वतः रताळी नि वरीचे तांदूळ घेऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. कोकणातले वारकरी कार्तिकीला पंढरपूरला जातात, तसे तेही जात. त्या जेवणात मासे होते, साबुदाण्याची खिचडी होती, आणि पंगत एकच होती.

संध्याकाळी लिलाव पाहिला. होड्यांमधली मासळी बैलगाडी पाण्यात घालून किनाऱ्यावर आणायची, ही हर्णैची जुनी रीत. वाळूवर टोपल्यांच्या रांगा लागतात आणि भाव पुकारतात. पुकारणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत बायका पुढे. हिशेब तोंडी, आणि एका पैशाची चूक नाही. बँकेत बसणाऱ्या आम्ही सहाजणी बघतच राहिलो.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं सांगते. थंडी सरताना समुद्र शांत असतो. १ जूनपासून पावसाळ्याचे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा जाऊ नका. होडीत बसण्याआधी पोट अगदी रिकामं नको नि तुडुंबही नको. सुंठ किंवा आवळासुपारी जवळ ठेवा. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत पाऊल टाकू नका. मासळी घेणाऱ्यांनी कल्ले लाल, डोळे चकचकीत आणि अंग दाबून घट्ट आहे ना ते बघावं. हाताचा वास बेसन आणि लिंबाच्या सालीनं जातो.

निघताना वहिनींनी माझ्या ओटीत नारळ घातला. "नामदेवांच्या गावच्या ना तुम्ही? हा तिथं ठेवा." आषाढीहून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला आमच्या नरसीला येतात, त्याला परतवारी म्हणतात. मोठी यात्रा भरते. त्या परतवारीला तो नारळ घेऊन मी माहेरी गेले. बरोबर खिडकीजवळच्या दोघीही आल्या. आईनं तिघींना शेजारी बसवून वाढलं, आणि कयाधूला पाणी होतं म्हणून तीही हौसेनं दाखवली. वहिनींना फोन करून नारळ पोहोचल्याचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बंदीचे दिवस आहेत, होड्या वर ओढल्यात. पुढच्या साली आम्हीच येतो."

आई आतापासूनच विचारते आहे, किती माणसं येणार, म्हणून.