जमीन चुकवत

आमच्या घरात या खेळाला ‘फटाके उडवणं’ म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ ज्याच्या डोक्यातून निघाला तो फेलिपे फालांघे पोरवयात फटाक्यांवर पत्र्याची इवली माणसं बसवून आकाशात सोडायचा. त्या माणसांना तो कर्बल म्हणायचा. पुढे मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीत असताना त्याने त्यांच्यासाठी अख्खं सूर्यमंडळ रचलं, आणि २०११ च्या जूनमध्ये ते लोकांपुढे आलं. हिरवी कातडी, बटबटीत डोळे, आणि भीती म्हणजे काय ते ठाऊक नसलेला जेब नावाचा एक वैमानिक. मुलाने मला पहिल्यांदा त्याची ओळख करून दिली तेव्हा जेब हसत होता. रॉकेट फुटतानाही तो हसतच होता.

जुळणीच्या उंच दालनात आधी माथा टांगायचा. माणसं बसतात ती कुपी तेवढी हवेत अधांतरी, भोवती पिवळट उजेड. मग तिच्याखाली टाकी, टाकीखाली इंजिन. प्रत्येक तुकडा जवळ नेला की खट्‌कन बसतो आणि त्या आवाजाची चटकच लागते. इंधन कमी पडतंय म्हणून टाकी वाढवावी, तर त्या टाकीचं ओझं उचलायला आणखी इंधन, त्या इंधनाला आणखी टाकी. कमी ऐकू येणाऱ्या त्सिओल्कोव्हस्की नावाच्या रशियन शाळामास्तराने १९०३ साली हा सगळा जाच एका समीकरणात मांडून ठेवला होता. मी ते समीकरण कधी सोडवलं नाही. उंच बांधलेलं रॉकेट तळावर नुसतं उभं राहूनच कमरेत लचकायला लागतं, तेव्हा ते आपोआप कळतं.

तळाच्या पूर्वेला समुद्र आहे, श्रीहरिकोट्याला आहे तसाच. स्पेसबार दाबला की धूर, थरथर, आणि पाण्यावर नुकत्याच उजाडलेल्या उन्हाकडे रॉकेट थोडंसं कलतं. कलवायचं तेवढंच. पुढचं काम त्याचं वजनच करतं. ते आपसूक वाकत जातं, वाऱ्याचा घोंगाट विरळ होतो, निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं काळं होत जातं, रिकामे झालेले टप्पे एकेक करून गळून पडतात, आणि सत्तर किलोमीटरवर, जिथे या ग्रहाची हवा संपते तिथे, मघापासून कानठळ्या बसवणारं ते सगळं एकाएकी थांबून एक संथ सूर सुरू होतो.

पण वर जाणं म्हणजे तिथे राहणं नव्हे.

नकाशावर यानाची वाट निळ्या कमानीसारखी दिसते. तिचं पुढचं टोक समुद्रात रुतलेलं असतं: इंजिन बंद ठेवलंस तर तू इथे पडशील, असं ती सांगत असते. कमानीच्या माथ्याशी पोचल्यावर नाक क्षितिजाला धरून इंजिन पुन्हा पेटवायचं. मग ते रुतलेलं टोक सरकू लागतं. समुद्र ओलांडतं, वाळवंट ओलांडतं, डोंगरांवरून रात्रीच्या बाजूला जातं, सरकत सरकत पार उलट्या अंगाला पोचतं, आणि सेकंदाला सव्वादोन किलोमीटरचा वेग जुळून येता येता जमिनीतून सुटून वर उचललं जातं. कमानीचं कडं होतं. इंजिन बंद केलं तरी आता चालतं.

यान अजूनही पडतच असतं. फक्त पडायला खाली जमीन सापडत नाही.

न्यूटनने डोंगरमाथ्यावर एक तोफ कल्पिली होती. गोळा पुरेशा जोराने सुटला, तर तो पडत पडत पृथ्वीला वळसा घालून पुन्हा तोफेपाशी येईल. शाळेत ते चित्र पुस्तकात होतं, पाठही होतं; अंगाला मात्र कधी लागलं नव्हतं. ते कडं पहिल्यांदा जुळलं त्या रात्री मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला होता. त्याला मी जन्मभर टांगलेला समजत आले. तो पडत होता. इतकी वर्षं, इतक्या निवांतपणे.

पुढे गेलेल्या यानाला गाठणं ही तर वेगळीच गंमत. आपला हात सवयीने वेग वाढवायला जातो. “आई, मागे रेट, मागे! वेग कमी कर आधी.” वेग उतरला की यान खालच्या कक्षेत येतं, खालची वाट आखूड, आणि हळू झालेलंच पुढे निघतं. हे मला पटायला वेळ लागला, पण माझी सोबत मोठी आहे. १९६५ च्या जूनमध्ये जेमिनी-४ मधून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे रोख धरून जोर लावत होता, आणि तो टप्पा लांबच जात होता. जवळ पोचल्यावर तर सगळं आणखी मंदावतं. सेकंदाला वीतभर, त्याहून कमी. शेवटचं हातभर अंतर चुंबक ओढून घेतं आणि दोन यानं किंचित डुलून एक होतात. या डुलण्यासाठी मी रात्री जागवते.

लहान इंजिनांवर माझा लोभ आहे. मुलाला तो बायकी कंजूषपणा वाटतो, मी त्याला मंगळयानाचा दाखला देते. पीएसएलव्हीच्या अंगात थेट मंगळाकडे भिरकावण्याइतकं बळ नव्हतं. म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरात ते यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं, आणि दर खेपेला जवळच्या टोकाशी, जिथे वेग सगळ्यात जास्त, तिथे इंजिन थोडं पेटवून लांबचं टोक आणखी लांब नेत राहिलं. झोका तळातून जाताना रेटा द्यावा, तसं. १ डिसेंबरला त्याने पृथ्वी सोडली, २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळापाशी होतं. खेळात मी हेच करते तेव्हा नकाशावर एकात एक लांबट कडी उमटत जातात आणि आमचं जेवण गार होतं.

सध्या बॉब नावाचा आमचा एक कर्बल अडकलाय. मुलाच्या घाईने इंधन संपलं आणि यान सूर्याभोवती निघून गेलं. खेळात भूक नाही, वय नाही. काळ लाख पटीने पळवला की वर्षं डोळ्यांदेखत उलटतात आणि बॉब खिडकीत तसाच, घाबरलेला, दात दाखवत. त्याला आणायला कोणतं यान धाडायचं यावर आमचा दोन रात्री वाद चाललाय. मुलाला तीन दणकट इंजिनं हवीत. मला ते अणुइंधनावर चालणारं, कमी रेट्याचं, पण थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारं एकच.

“अगं, अर्धा तास नुसतं जळत राहील ते. तेवढा वेळ नाक धरून बसशील?”

“बसेन की. तू वरच्या टाक्या काढ आधी.”