भुईचा रंग

अंगण सिमेंटचं करायचं ठरलं तेव्हा मायला आम्ही विचारलंच नाही. खरं तर त्या अंगणावर सगळ्यात जास्त हक्क तिचाच होता. पन्नास वर्षं तिनं ते सारवलं. आमची लोह्याकडची काळी भुई म्हणजे उन्हाळ्यात भेगाळणार अन् पावसात पाय गिळणार. माय तिच्यावर मुरूम टाकून घ्यायची, चोपून घ्यायची, अन् दर आठ-पंधरा दिवसाला शेणकाल्यानं सारवायची. सणाला भिंतीच्या तळाशी हातभर तांबडी काव ओढायची.

ही माळवदाच्या घराची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून झोपलेली माणसं दगडमातीच्या भिंती अन् माळवदाखाली झोपेतच गेली. आमच्याकडं भांडी पडण्यावर भागलं, पण भीती बसली. पुढं जमेल तसं घर उतरवलं, विटा-सिमेंटचं बांधलं. अंगण तेवढं मातीचं राहिलं. तूर, सोयाबीन तिथंच वाळायचं. खडे निवडून बायका कंटाळल्या, म्हणून शेवटी सहा वर्षांमागं दिवाळी झाल्यावर वीस बाय पंधरा फुटात खडी-सिमेंट टाकलं.

गवंडी जुना माणूस होता. वरचा थर ओढायच्या आधी तो थांबला. म्हणाला, "दादा, ह्यातच लाल टाकू का? सिमेंटसंगं मिसळला का रंग आतून येतंय. मागून लावताल ते वरलं वरलंच राहतंय."

दोन-तीन किलो लाल ऑक्साईडचा अन् एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न होता. मी म्हणलं, "राहू दे. पोरगं पुण्याहून येणार हाय, त्याच्या पसंतीनं बघू." एवढंच बोललो. त्या एका वाक्याची किंमत पुढं कळली.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा आली. खंडोबाला जाऊन आलेले पाहुणे घरी उतरले. त्यांच्या अंगावरचा भंडारा नव्या अंगणात सांडला. घरच्याच हळदीचा होता. सकाळी मायनं सडा मारला, अन् पिवळे ठिपके बघता बघता कुंकवासारखे लाल झाले. मायनं हात जोडले. मी म्हणलं, "माय, हळदीला चुना लागला का ती लाल होती. नव्या सिमेंटात चुना असतोय." माय म्हणाली, "असू दे. देवानं चुन्यातून केलं म्हण." चार दिवसांच्या उन्हात तो लाल रंग उडूनही गेला.

त्याच दिवसांत मी वखराची ओली पास अंगणात टेकवून ठेवली अन् विसरलो. उचलली तर खाली गंजाचा हातभर पट्टा. घासला, लिंबू चोळलं. फिका झाला, पण निघाला नाही. एकाच अंगणावर एक रंग आला अन् गेला, दुसरा भुईत मुरून बसला. डोळ्यासमोर धडा होता, मी तो वाचला नाही.

माघात पोराचा साखरपुडा ठरला. पोरगं शेडकार्ड घेऊन आलं. त्यानं मोबाईलवर दाखवलं, की परदेशात सिमेंटावर आम्लात कालवलेले लोखंडाचे, तांब्याचे क्षार लावतात. ते सिमेंटातल्या चुन्यासंगं मिळतात अन् रंग आत मुरतो, पापुद्रा धरतच नाही. मला गवंड्याचं बोलणं आठवलं. पण अंगणात लेकरं, वासरं, कोंबड्या. तिथं आम्ल कोण ओतणार? अन् आपल्याकडं ते करणारा कोण? दुकानदार म्हणाला, "ऑइलपेंट न्या, आरशासारखं दिसंल." चॉकलेटी रंगाचे दोन हात मारले. साखरपुड्याला आलेला प्रत्येक जण अंगणाकडं बघून "वा" म्हणाला. माय उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "भुईला कातडं घातलं रे तुम्ही. तिला घाम आला तर कुठून निघंल?" सगळे हसले. मीपण हसलो.

उन्हाळ्यात तूर वाळत घातली तवा पहिल्यांदा कळलं. निवडताना डाळीत चॉकलेटी टिकल्या निघायला लागल्या. आधी खडे निवडायचो, आता रंग निवडायला लागलो. मिरग बरसला अन् खालची काळी माती फुगली, ओल वर चढली. रंगाला फोड आले. फोड फोडला का खाली पांढरी बुकटी, लोणा लागल्यासारखी.

दहावीला विज्ञानात शिकलो होतो, तेल अन् कॉस्टिक सोडा एकत्र केला का साबण होतो. चुनाही त्याच जातीचा, आम्लाच्या उलटा. अंगण टाकून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यातला चुना ओलीसंगं वर आला अन् रंगातलं तेल खाल्लं. हळद लाल झाली तवा हेच मी मायला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. रंग लावताना मात्र ते डोक्यात आलं नाही.

रंग उडाला एवढंच असतं तर हा लेख लिहिला नसता. जिथं उडाला नव्हता तिथं तो पावसात साबणासारखा व्हायचा. श्रावणातली सकाळ, बारीक झिमझिम. माय तांब्या घेऊन तुळशीकडं निघाली. तांब्याचा आवाज आधी आला, मग तिचा. मांडीचं हाड खुब्यात मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, सळई टाकली. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, "ह्या भुईनं मला कधी टाकलं नव्हतं रे." कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी परत त्याच गवंड्याकडं गेलो. तो "मी म्हणलं होतं" असं म्हणाला नाही. पाऊस उघडल्यावर आम्ही दोघं बसून सगळा रंग खरवडला. खाली वखराच्या पासेचा गंज जसाच्या तसा होता. गवंडी त्यावर बोट ठेवून म्हणाला, "दादा, दुकानातली लाल पूडबी लोखंडाचीच. मायची कावबी तीच."

मग छिन्नीनं टाचे मारले, धुऊन काढलं, सिमेंटाचं पाणी पाजलं अन् वर बोटभर थर ओढला. लाल पूड सिमेंटातच कोरडी मिसळली, दहा किलोला एक किलो. त्याहून जास्त घातली का थर कच्चा राहतो. गुळगुळीत घोटायचं मी घोटू दिलं नाही. घोटलेला लाल कोबा घरात शोभतो. उघड्यावर पावसात तोही घसरतोच. थर ओला असतानाच वरून खराटा ओढून बारीक रेघा पाडल्या. सात दिवस पोती ओली ठेवली. दिसायला ते ऑइलपेंटासारखं नव्हतं. कुठं गडद, कुठं फिकं. पोरगं फोनवर म्हणालं, "डागाळल्यासारखं दिसतंय." मी म्हणलं, "दिसू दे."

दिवाळीत मायला वॉकर धरून अंगणात आणलं. तिनं चप्पल काढली. पाय टेकला, टाच दाबून बघितली, रेघांवरून तळवा पुढंमागं केला.

"काव लावलास का?"

"हो माय. कावच."

"आता धरतंय," म्हणाली, अन् खुर्ची तिथंच मागितली.

पुढं दीड वर्ष माय जगली. एकटीनं तुळशीपर्यंत मात्र ती पुन्हा गेली नाही. सकाळी मी तिला खुर्चीत बसवायचो, तांब्या हातात द्यायचो, अन् ती बसल्या जागेवरून जमेल तेवढं पाणी तुळशीकडं फेकायची. रोज खुर्ची मागंपुढं सरकवून तिच्या पायांनी चार खळगे पाडलेत. झाडताना खराटा त्यात अडकतो. खळग्यात वाकून बघितलं तर खालूनही लालच आहे.