उतरायचा दिवस

समुद्रमार्गे सिंगापूर : शेवटचा हप्ता

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५. फुकेत

आज त्रिपुरी पौर्णिमा. थायलंडातही याच पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडतात, हे कळल्यावर सासूबाईंना फार बरं वाटलं. गुडघ्यांमुळे त्या खाली उतरल्या नाहीत. आम्ही किनाऱ्यावर जाऊन शहाळी पिऊन आलो. रात्री त्यांनी डेकवरूनच चंद्राला हात जोडले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. समुद्रात

आजचा दिवस कागदांचा. उद्या सकाळी जहाज सिंगापूरला लागेल. सोमवारी तिथूनच निघालो असलो तरी कायद्याच्या दृष्टीने आम्ही देश सोडून मलेशिया आणि थायलंडात जाऊन आलोय. म्हणजे उद्याचा प्रवेश नवा. म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा असावा लागतो, आणि येण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं ऑनलाइन आगमनपत्रही पुन्हा भरावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं टाळावीत. चौघांची पत्रं मी सकाळीच भरून टाकली.

संभाजीनगरला तिकिटं काढताना आमच्या घरात परतीच्या विमानावरून वाद झाला होता. एजंटाने उतरायच्या दिवशीच, म्हणजे शुक्रवारी दुपारचं विमान सुचवलं होतं. हॉटेलची एक रात्र वाचली असती. मी ठाम नकार दिला. हजारो माणसं एका सकाळी एका धक्क्यावर उतरणार. आधी सामान सापडायला हवं, मग पासपोर्टची रांग, मग कस्टम्स. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हातात असतं ते पुढचं तिकीट. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना त्या रांगेतून घाईघाईने ओढत न्यायचं मला मुळीच मान्य नव्हतं. शेवटी शनिवारचं विमान ठरलं.

पिशव्याही तेव्हाच तपासल्या. दिवाळीचे अनारसे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डब्यात भरले होते, ते घरीच ठेवले. अनारशांना खसखस असते, आणि खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी. सिंगापूर तिच्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यातून बघतं. दुबईकडे तर ती सरळ बंदच आहे. चकली, शंकरपाळे मात्र बरोबर आले आणि पेनांगच्या आधीच संपले.

संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत चिठ्ठ्या आल्या. त्या सुटकेसला बांधायच्या आणि रात्री सुटकेस दाराबाहेर ठेवायची. सकाळी त्या रंगाची हाक आली की उतरायचं आणि धक्क्यावर आपली बॅग शोधायची. अण्णा, माझे सासरे, नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. सामान मालकापासून वेगळं होणार म्हटल्यावर त्यांना बाबासाहेब आठवले. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या जहाजावर होत्या, आणि ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. अण्णांनी ही गोष्ट कापऱ्या आवाजात सांगितली. मग आईंच्या गोळ्या, चष्मे, सगळी बिलं आणि कागद स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत घातले. रात्री ती पिशवी उशाशी घेऊन झोपले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सिंगापूर

जहाज उजाडतानाच मरीना बे क्रूझ सेंटरला लागलं. आमचा रंग पिवळा, आणि पिवळ्याला हाक यायला नऊ वाजून गेले. ज्यांनी सगळं सामान स्वतः वाहून न्यायचं ठरवलं होतं ते आधीच उतरले होते. तरुणांनी तसंच करावं. आईंसाठी व्हीलचेअर कालच सांगून ठेवली होती. ऐनवेळी मागितली असती तर किती थांबावं लागलं असतं, हे तिथली गर्दी बघून कळलं.

खाली बॅगांच्या रांगाच रांगा. आमची एक निळी पेटी दुसऱ्याच रंगात जाऊन बसली होती, ती सापडेपर्यंत पाऊण तास गेला. शेजारी नाशिककडचं एक जोडपं पार रडकुंडीला आलं होतं. त्यांचं विमान दुपारी एकचं होतं, आणि त्यांच्या पिशवीतलं सिगारेटचं पाकीट अधिकाऱ्याने बाजूला काढलं होतं. सिंगापुरात सिगारेटला एकाचीही सूट नाही. आणली तर स्वतःहून सांगायची आणि कर भरायचा. मलेशियातून थेट येणाऱ्याला दारूचीही सूट नाही. हे त्यांना आधी कुणीच सांगितलेलं नव्हतं. सहल विकणाऱ्यांनी जेवणाच्या यादीआधी ही यादी हातात द्यायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं. ते दोघं धावत टॅक्सीकडे गेले. विमान मिळालं की नाही, कोण जाणे.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. आई हॉटेलवर झोपल्या. दुपारी भाऊजी आणि मी लिटल इंडियात मुस्तफा सेंटरला गेलो. तिथे त्यांना कॅमेऱ्याची लेन्स पसंत पडली, आपल्या रुपयांत सत्तर हजारांची.

"वहिनी, माणशी पन्नास हजारांची सूट आहे. तुमची नि माझी मिळून लाख होतात की!"

"तशी बेरीज चालत नाही, भाऊजी. ज्याची वस्तू त्याचीच सूट."

२०२५च्या नियमाप्रमाणे भारतात पन्नास हजारांवरच्या रकमेला साडेअडतीस टक्के कस्टम्स कर, म्हणजे वीस हजारांवर सात हजार सातशे. सिंगापूरचा नऊ टक्के जीएसटी विमानतळावर मागता येतो, तो वजा धरून त्यांनी हिशोब केला आणि लेन्स घेतली. बिल अण्णांच्या पिशवीत गेलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर. मुंबई

चांगीला जीएसटीच्या परताव्यासाठी लवकर गेलो होतो. अकराच्या सुमारास मुंबईत उतरलो.

भाऊजी सरळ लाल मार्गाने गेले, बिल पुढे केलं. त्यांच्या पुढे दोघेच होते, तरी पैसे भरून पावती मिळेपर्यंत बराच वेळ गेला. आमची एक बॅगही क्ष-किरण यंत्रापाशी थांबवली, आणि अधिकाऱ्यांनी आईंच्या पाटल्यांची चौकशी केली. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यालाच दागिन्यांची सूट असते, आठवड्याच्या सहलीला नाही. म्हणून अंगावरचं सोनं इथूनच नेलेलं आहे याचा पुरावा लागतो. जाताना याच विमानतळावर कस्टम्सकडून पाटल्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घेतलं होतं. त्याला तेव्हा तासभर लागला आणि आई कुरकुरल्याही होत्या. आज तो कागद बघून अधिकाऱ्यांनी हात जोडून त्यांना जाऊ दिलं.

बाहेर आलो तेव्हा एक वाजून गेला होता. दुपारी एकनंतर सीएसएमटीहून सुटणारी वंदे भारत भाऊजींना हवी होती. ती आम्हाला मिळालीच नसती. आमचं आरक्षण रात्रीच्या देवगिरीचं होतं.

सीएसएमटीला येऊन सामान क्लोकरूममध्ये ठेवलं. आई आणि भाऊजी प्रतीक्षालयात बसले. अण्णांना घेऊन मी बॅलार्ड इस्टेटपर्यंत गेले. न्यू कस्टम हाऊस तिथेच आहे, आणि पुढे बॅलार्ड पिअर. इंग्रजी अमदानीत विलायतेची टपालबोट इथे लागे, आणि धक्क्यालगतच्या मोल स्थानकातून फ्रंटिअर मेल थेट पेशावरकडे सुटे. बोटीच्या वेळेशी गाडीची वेळ जुळवलेली असायची. गाडी बोटीसाठी थांबायची ही कल्पना अण्णांना इतकी आवडली की ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. आता तिथे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं आहे. याच सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. तपासणीच्या बहात्तर खिडक्या आहेत म्हणे. परदेशी जहाजं इथून नियमित सुटू लागली तर आमच्यासारख्यांना धक्क्यापासून सीएसएमटी चालत गाठता येईल.

साडेनऊच्या सुमारास देवगिरी सुटली. पहाटे चारला संभाजीनगर येतं, म्हणून आईंना खालचा बर्थ देऊन लवकर झोपायला सांगितलं. त्या पांघरुणातून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला लक्षद्वीपला जाऊ. आपलाच देश, तिथे कस्टम्स नसेल."

"कस्टम्स नाही, आई. पण परवाना काढावा लागतो."

"मग दिवाळीआधीच काढून ठेव."