यंदा वाहन कोणते?

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही नऊ वाहने. बेडूक, म्हैस किंवा हत्ती वाट्याला आला तर पाऊस भरपूर. उंदीर-गाढव आले तर बेताचा. माझी आजी मृग लागायच्या आधी 'यंदा वाहन कोणते?' असे विचारायची आणि म्हैस आहे म्हटले की तिचा चेहरा उजळायचा. तिच्यामागे आमच्याकडे शेती उरली नाही. प्रश्न मात्र घरात राहिला. आता तो माझा धाकटा भाऊ विचारतो. फक्त त्याची वाहने निराळी आहेत. मोटरसायकल, स्कूटर, रिक्षा! आणि गंमत अशी की, त्याच्या वाहनांचे नशीब पुष्कळदा आजीच्या वाहनांवरच अवलंबून असते.

भोसरीला भावाचा एक गाळा आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले. त्या मोठ्या झाडांच्या सावलीत असे शेकडो गाळे उगवले. भावाच्या गाळ्यात सहा यंत्रे आणि अठरा माणसे. मोटरसायकलच्या इंजिनात झडपा उघडणारा एक चिमुकला हात असतो. त्याला रॉकर म्हणतात. तो ज्यावर झुलतो ती करंगळीएवढी पोलादी दांडी आमचे बंधुराज तयार करतात. तिच्या जाडीत केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक पडला तरी माल परत! विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना मला या काटेकोरपणाची फार आठवण होते.

ही दांडी भोसरीहून चाकणच्या एका कारखान्यात जाते. तिथे ती मोठ्या जोडणीत बसते आणि ती जोडणी मोटरसायकलच्या कंपनीत जाते. म्हणजे भाऊ तिसऱ्या पायरीवर उभा आहे. गाडी विकत घेणाऱ्याला तो ठाऊक नाही आणि बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. पण त्या कंपनीचा अंदाज चुकला की पहिला फोन त्याच्याच गाळ्यात खणखणतो.

2025 च्या श्रावणात एका रविवारी तो बँकेचा एक अर्ज घेऊन माझ्याकडे आला. नवे यंत्र घ्यायचे होते, कर्ज हवे होते आणि त्यासाठी राहते घर तारण ठेवायची तयारी होती. अर्जासोबत पाच वर्षांचा व्यवसाय-आराखडा जोडायचा होता.

"दादा, तू लिहिणारा माणूस," तो म्हणाला, "मला नीट शब्दांत मांडून दे. आकड्यांचं मी बघतो."

मी अर्ज पाहिला. 2030-31 साली किती दांड्या विकल्या जातील, तो आकडा लिहायला एक स्वच्छ चौकोन होता. माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, हे तर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

"तुरी बाजारात तरी आहेत," तो म्हणाला. "माझी गाडी अजून कागदावरसुद्धा नाही."

मराठीत भविष्याचा वेध घेण्यासाठी किती शब्द आहेत! अंदाज, अदमास, आडाखा, ठोकताळा, होरा, भाकीत. यांतला प्रत्येक शब्द दुसऱ्यापेक्षा थोडा अधिक किंवा थोडा कमी धीट आहे. भावाच्या धंद्यात मात्र या सर्वांसाठी एकच शब्द चालतो, 'शेड्यूल'. महिना संपता संपता वरच्या कारखान्याकडून एक कागद येतो. त्यात पुढच्या महिन्याचा आकडा पक्का आणि त्यापुढच्या दोन महिन्यांचे तात्पुरते. आता गोम अशी की, पोलाद मागवून हातात पडायला काही आठवडे जातात. म्हणून पोलाद मागवावे लागते ते तात्पुरत्या आकड्यावर. आकडा घसरला तर पोलाद भावाचे. आकडा वाढला आणि माल कमी पडला तर दोषही भावाचाच! टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी 'हवे तेव्हा, हवे तेवढे' ही पद्धत जपानात रुजवली, तिची कीर्ती मीही ऐकून आहे. आपल्याकडे तिचा अर्थ पुष्कळदा इतकाच होतो की, मोठ्या कारखान्याचे गोदाम रिकामे राहते आणि धाकट्याच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही.

मी विचारले, "मग आकडा नेमका किती चुकतो?"

त्याने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. समजा, दुकानात महिन्याला शंभर गाड्या खपत होत्या, त्या नव्वद झाल्या. दहाच कमी. पण दुकानदाराकडे जुन्या गाड्या पडून आहेत. तो कंपनीकडून ऐंशीच उचलतो. कंपनीकडेही जोडण्या शिल्लक आहेत; ती चाकणला साठ सांगते. चाकणच्या कपाटात दांड्या शिल्लक आहेत. ते भोसरीला सांगतात, या महिन्यात वीस पुरे. बाजार दहाने उतरला आणि भाऊ ऐंशीने! बाजार सुधारला की हेच उलट होते. मग रिकामी झालेली सगळी कपाटे एकदम भरायची असतात आणि रात्रपाळी लावूनही माल पुरत नाही.

भावाचे हे गणित फार थोर माणसाने आधीच सोडवून ठेवले आहे, असे मला पुढे वाचताना आढळले. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी 1961 साली 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' या ग्रंथात पुरवठ्याच्या साखळीतली ही वाढत जाणारी लाट दाखवून दिली. नंतरच्या अभ्यासकांनी तिला आसुडाची उपमा दिली. मूठ जराशी हलते आणि टोक कडाडते. उपमा मला पटली. फक्त आसुडाच्या टोकाला काय वाटते, ते ग्रंथात नव्हते.

ते भावाच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांत आहे. देशात 2018-19 साली 2 कोटी 11 लाखांवर दुचाक्या विकल्या गेल्या. त्या वर्षी ज्याने आराखडा लिहिला त्याने पुढच्या रेघा वरच नेल्या असणार. 2021-22 साली हा आकडा 1 कोटी 35 लाखांच्या आसपास आला. मध्ये काय काय घडले! 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे कडक नियम आले आणि गाड्या महागल्या. त्याच्या आठवडाभर आधी सारा देश टाळेबंद झाला. त्या एप्रिलमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने देशात एकही मोटार विकली नाही. 2021 साली गिऱ्हाईक परतले, तर परदेशातून येणाऱ्या चिमुकल्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला. सगळे भाग तयार, पण नखाएवढ्या चिपेवाचून गाडी पुरी होईना. 2024-25 साली दुचाक्यांचा आकडा 1 कोटी 96 लाखांपर्यंत चढला, तरी तो सहा वर्षांपूर्वीच्या शिखराखालीच होता.

शेजारच्या गाळ्यातल्या गृहस्थांची कथा याहून मासलेवाईक. ते ट्रकचे भाग बनवतात. जुलै 2018 मध्ये सरकारने ट्रकवर अधिक भार न्यायला परवानगी दिली. वाहतूकदार खूश झाले. पण तोच ट्रक जास्त माल नेऊ लागला तर नवा ट्रक कोण घेईल? 2019 साली ट्रकांचा बाजार कोसळला, त्याला मंदीबरोबर हेही एक कारण होते. एका वाक्याच्या नियमाने शेजाऱ्यांची दोन यंत्रे झाकून ठेवायला लावली. मी आयुष्यभर वाक्यांचे परिणाम शिकवीत आलो आहे, पण इतके परिणामकारक वाक्य माझ्या पाहण्यात नाही.

आणि पंचांग? तेही अंदाज बांधणाऱ्यांना सोडत नाही. 2022 साली दसरा आणि दिवाळी दोन्ही ऑक्टोबरात आली. 2023 साली अधिक श्रावण पडला, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेली. इंग्रजी महिन्याला महिना लावून तुलना करणाऱ्याला ऑक्टोबरात बाजार बुडालेला आणि नोव्हेंबरात तरलेला दिसावा, यात नवल काय? आपल्याकडे गाडी पाडव्याला आणि दसऱ्याला घरी येते आणि पितृपंधरवड्यात दुकानात माशा बसतात. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण बाजाराच्या प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर लावून ठेवावी असे मला वाटते.

पण त्या रविवारी भावाला खरी काळजी होती ती वेगळीच. विजेच्या गाडीला झडपा नसतात. झडपा नाहीत तर रॉकर नाही आणि रॉकर नाही तर दांडी नाही. 2019 साली नीती आयोगाने असा प्रस्ताव मांडला होता की, 2025 पासून दीडशे सीसीच्या आतल्या सगळ्या नव्या दुचाक्या विजेवरच्याच असाव्यात. तो वाचून भावाने दोन वर्षे एक पैसा यंत्रात घातला नाही. त्याच्या हातच्या मागण्या दुसऱ्याने नेल्या. 2024-25 उजाडले तेव्हा नव्या दुचाक्यांत विजेच्या शंभरात साधारण सहाच होत्या, आणि त्याही बहुतेक स्कूटरी. मोटरसायकल जवळजवळ सगळी पेट्रोलवरच! मग आता विजेचे भाकीत खोटे म्हणावे काय? तसेही नाही. शंभरात सहा हा आकडा त्याआधी शून्यालगत होता. भाकीत खरे की खोटे, हा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता कधी. आणि घरावर कर्ज काढणाऱ्याला तेवढेच कळणे आवश्यक असते.

विदर्भात बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यांची मांडणी करतात, मध्ये पाण्याची घागर आणि मातीची चार ढेकळे ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पावसाचे आणि पिकांचे भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी ऐकायला जमतात. लोक त्यांना हसतात. मला ते शेतकरी शहाणे वाटतात. कारण भाकीत ऐकूनही ते एकाच पिकावर सारे शेत लावीत नाहीत. आमची आजी तर वाहन म्हैस निघाले तरी कपाशीच्या मध्ये तुरीच्या ओळी टाकायचीच. "म्हैस आली तर कापूस, नाही आली तर वरण," असे तिचे साधे अर्थशास्त्र होते.

मी हे भावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तीन रकाने."

त्या दिवशी आम्ही आराखडा तीनदा मांडला. पाऊस चांगला, पाऊस बेताचा आणि पाऊस नाही. पहिल्या रकान्यात किती नफा होईल ते आम्ही भराभर लिहिले. तिसऱ्या रकान्याला मात्र संध्याकाळ झाली. त्यात नफ्याचा प्रश्नच नव्हता. सहा महिने मागणी निम्म्यावर आली तर हप्ता कशातून भरणार आणि अठरा जणांचे पगार किती महिने निघतील, एवढेच त्यात लिहायचे होते. जे यंत्र तो घ्यायला निघाला होता ते फक्त दांडीच बनवणारे होते. नगामागे खर्च कमी, पण दुसरे काही येत नाही. तिसऱ्या रकान्यात ते यंत्र घरासकट बुडत होते. साधा सी.एन.सी. लेथ त्याहून संथ, पण गोल असेल ते काहीही बनवणारा. पंपाला दांडी लागते. विजेच्या मोटरीलाही दांडी लागतेच.

बँकेने एकच रकाना मागितला होता. आम्ही मधला दिला. पण कर्ज घेतले ते तिसरा पाहून. साधा लेथ घेतला, कर्ज निम्म्याहून कमी काढले, तारण यंत्राचेच दिले. घर राहिले. वहिनींनी, म्हणजे माझ्या पत्नीने, त्या रात्री दीराला आग्रहाने दुसरी पुरणपोळी वाढली. धाकट्या जाऊबाईंचा फोन आधीच येऊन गेला असावा.

लगेच परीक्षाही झाली. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जी.एस.टी. कमी होण्याची घोषणा झाली आणि गिऱ्हाइकांनी खरेदी थांबवली. भावाचे शेड्यूल आपटले. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि गाळ्यात रात्रपाळी सुरू झाली. पाच आठवड्यांत तिसरा रकाना आणि पहिला रकाना, दोन्ही येऊन गेले!

माझे म्हणणे एवढेच आहे. वरच्या पायरीवरून अंदाज खाली येतो, पण त्याच्याबरोबर चुकण्याची किंमतही खाली येते, आणि ती पायरीगणिक वाढते. ज्याला सर्वांत कमी कळते त्याने सर्वांत अधिक पणाला लावायचे, हा न्याय नव्हे. तात्पुरत्या आकड्यावर जे पोलाद घ्यायला लावले त्याचा थोडा भार आकडा सांगणाऱ्यानेही उचलावा. तोवर धाकट्याने आपल्या शेतात तुरीच्या ओळी टाकीत राहावे.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला मी गाळ्यात गेलो होतो. यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या. नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री, खाली शुभ-लाभ, आणि त्याखाली भावाच्या बाळबोध अक्षरात पहिली ओळ होती : 'चार महिन्यांचे पगार - बाजूला.' विक्रीचा आकडा त्यानंतर.

"पुढचं शेड्यूल आलंय, दादा," तो म्हणाला. "नोव्हेंबर पक्का आहे. डिसेंबर तात्पुरता."

मग आम्ही सगळे, अठरा जणांसह, फराळाला बसलो.